रीबूटपलीकडची मेमरी : प्रस्तावना

संगणकाच्या कोणत्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकात साठवणीचे दोन वर्ग सांगितलेले असतात : वीज गेली की पुसली जाणारी मुख्य मेमरी, म्हणजे रॅम, आणि वीज गेली तरी शाबूत राहणारी डिस्क. पहिली वेगवान पण विसराळू, दुसरी संथ पण भरवशाची, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती निसर्गनियमासारखी भासू लागते, आणि ऑपरेटिंग सिस्टिमपासून डेटाबेसपर्यंत बहुतेक सर्व सॉफ्टवेअर तिच्यावरच उभे आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय असलेल्या फाइल सिस्टिम ही विभागणी मानत नाहीत. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी त्यांतील मजकूर मुख्य मेमरीतच, जागच्या जागी सापडतो आणि डिस्कवरून तो पुन्हा आणावा लागत नाही. असे होऊ शकते याचेच प्रथम आश्चर्य वाटते. परंतु विषयात थोडे खोल शिरले की असे दिसते की मेमरीतील बिट टिकवणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग आहे, आणि नव्याने उठलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमने त्या बिटांवर भरवसा का आणि कितपत ठेवावा, हा खरा अवघड प्रश्न आहे. गेल्या चार दशकांत या क्षेत्रात झालेले जवळजवळ सर्व मोलाचे काम या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरते.

रीबूट या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या घटना येतात, त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. यंत्राची वीज पूर्ण तोडून ते पुन्हा सुरू करणे म्हणजे कोल्ड बूट. वीज चालू ठेवून केवळ प्रोसेसरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावणे म्हणजे वॉर्म बूट. आजच्या संगणकांतील रॅम डीरॅम जातीची असते आणि तिच्यात प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो. हा भार सतत गळत असल्यामुळे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. या अखंड चालणाऱ्या कामाला रिफ्रेश म्हणतात. वॉर्म बूटमध्ये चिपांना वीज मिळतच राहते, आणि रिफ्रेश क्षणभर खंडित झाला तरी ६४ मिलिसेकंदांची ही मर्यादा अत्यंत सावधपणे ठरवलेली असल्याने बहुतेक बिट जागेवरच असतात. मग मजकूर नाहीसा करते कोण? काही यंत्रांत संगणक सुरू करणारे फर्मवेअर मेमरीची चाचणी घेताना तिच्यावर लिहिते; चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असेल तर तिचे पडताळा-बिट जुळावेत म्हणून अनेकदा ती आरंभीच संपूर्ण लिहून काढली जाते; आणि यांतून जे वाचते ते नवे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, रिकामी जागा समजून वापरून टाकते. वॉर्म बूटपुरते बोलायचे तर रॅमचा विसराळूपणा पदार्थविज्ञानापेक्षा रिवाजातून अधिक आलेला आहे.

आता फाइल सिस्टिम म्हणजे काय, हेही थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. साठवणीच्या माध्यमावर असतात ते फक्त क्रमांक दिलेले ठोकळे, म्हणजे ब्लॉक. कोणते ब्लॉक कोणत्या फाइलचे, तिचा आकार किती, मालक कोण, ती कोणत्या फोल्डरमध्ये, आणि मोकळे ब्लॉक कोणते, ही सारी नोंद फाइल सिस्टिम ठेवते. संपूर्ण रचनेची मूळ माहिती ज्या ब्लॉकमध्ये असते त्याला सुपरब्लॉक, आणि एकेका फाइलच्या नोंदीला आयनोड म्हणतात. गावची जमीन जागेवरच असते, बांधही हलत नाहीत, परंतु तलाठ्याचे दप्तर जळाले तर कोणते शेत कोणाचे हे सांगता येत नाही. रीबूटनंतरच्या मेमरीची स्थिती नेमकी अशी असते. अब्जावधी बिट शाबूत असतात, पण त्यांचा सातबारा मेलेल्या कर्नलच्या खासगी रचनांमध्ये विखुरलेला असतो आणि नव्या कर्नलला त्यातले काहीही ठाऊक नसते. म्हणून रीबूटपार टिकणाऱ्या फाइल सिस्टिमचे पहिले काम म्हणजे ही नोंद अशा ठरावीक जागी आणि अशा स्वयंपूर्ण रूपात ठेवणे, की पूर्वीचे काहीच माहीत नसलेल्या वाचकालाही ती वाचता यावी. लिनक्सच्या जाणकारांना येथे टीएमपीएफएस आठवेल. पण तीही फाइली मेमरीत ठेवणारी असली तरी तिची सर्व दप्तरे कर्नलच्या चालू रचनांमध्येच असतात, त्यामुळे ती या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहते. मेमरीत असणे आणि मेमरीत टिकणे यांत येथे फरक केला आहे.

टिकाऊ मुख्य मेमरी ही काही नवी कल्पना नव्हे. १९५३ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या नेतृत्वाखाली व्हर्लविंड या संगणकात चुंबकीय कोअर मेमरी बसवली गेली आणि पुढची सुमारे दोन दशके हीच मुख्य मेमरीची प्रचलित पद्धत राहिली. तारांच्या जाळीत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांमध्ये चुंबकत्वाच्या दिशेवरून बिट ओळखला जाई, आणि चुंबकत्वाला वीज लागत नसल्यामुळे यंत्र बंद केले तरी मजकूर कायम राही. त्या काळातील यंत्रचालकांना सकाळी यंत्र सुरू केल्यावर आदल्या दिवशीचा प्रोग्राम मेमरीतच सापडणे यात विशेष काही वाटत नसे. पुढे आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना डीरॅमचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले, १९७० मध्ये इंटेलने ११०३ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली, आणि स्वस्ताईच्या जोरावर अर्धवाहक मेमरीने कोअरला हटवले. स्वस्ताईबरोबर विस्मरण आले, आणि त्याच दशकात वाढलेल्या युनिक्सने ते गृहीत धरले : फाइलींतील बदल आधी मेमरीत साठवायचे आणि साधारण दर ३० सेकंदांनी डिस्कवर उतरवायचे. मधल्या वेळात यंत्र कोसळले तर तेवढे काम गेले. हा सौदा इतका सर्वमान्य झाला की त्यात काही गमावले जाते आहे, याकडेही फारसे कोणाचे लक्ष राहिले नाही.

ते लक्ष पहिल्यांदा गेले ते संशोधकांचे नव्हे, तर घरगुती संगणक वापरणाऱ्यांचे, ही या इतिहासातली गमतीची गोष्ट आहे. कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकात हार्ड डिस्क बहुधा नसे, फ्लॉपी अतिशय संथ असे, आणि यंत्र वारंवार कोसळे. अशा यंत्रासाठी रीसेटनंतरही पुन्हा सापडणारी रॅमडिस्क, म्हणजे मेमरीचा डिस्कसारखा वापरलेला भाग, ही गरजेची वस्तू होती. १९८८ मध्ये आलेल्या वर्कबेंच १.३ या आवृत्तीत तिला आरएडी या नावाने अधिकृत स्थान मिळाले. कंट्रोल आणि दोन्ही अमिगा कळा एकत्र दाबून यंत्र रीसेट केले तरी आरएडीमधील फाइली राहत, इतकेच नव्हे तर यंत्र तिच्यावरूनच बूटही करता येई. यामागची युक्ती साधी होती. अमिगाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ रचनेत काही खास जागा राखलेल्या होत्या. रीसेटनंतर सिस्टिम त्या जागांमधील पत्ते पाहत असे, सोबतची बेरीज जुळते का ते तपासत असे, आणि जुळल्यास त्या पत्त्यांवरील मेमरी मोकळी न समजता बाजूला ठेवत असे. टिकाऊपणाची सारी मदार या छोट्याशा पडताळणीवर होती. याच सोयीचा दुसरा लाभार्थी म्हणजे व्हायरस. १९८७ साली पसरलेला एससीए व्हायरस रीसेटनंतरही जिवंत राही, तो अशाच एका राखीव जागेत स्वतःचा पत्ता लिहून. जे दार आपल्या फाइलींसाठी उघडे ठेवले जाते ते इतरांसाठीही उघडेच असते, हा धडा या विषयात पुढे पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

१९९६ मध्ये आलेल्या पाम पायलट या खिशात मावणाऱ्या संगणकाने तर डिस्क ही कल्पनाच सोडून दिली. दोन छोट्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या या यंत्रात पत्ते, भेटीच्या वेळा, टिपणे हे सगळे रॅममध्येच राही. या यंत्राची मेमरी दोन भागांत विभागलेली होती : चालू प्रोग्रामांच्या कच्च्या कामासाठी एक, आणि टिकाऊ नोंदींसाठी दुसरी. दुसऱ्या भागावर प्रोग्रामला थेट लिहिता येत नसे. लिहायचे तर ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेल्या ठरावीक फंक्शनमधूनच लिहावे लागे. साध्या रीसेटमध्ये पहिला भाग पुसला जाई आणि दुसरा राही. पॉवरची कळ दाबून धरून रीसेट केले तर दोन्ही जात. लाखो लोकांनी हे यंत्र वापरले आणि टिकाऊ रॅमचा अनुभव घेतला, तो तिचे नावही न ऐकता. बॅटरी पूर्ण संपली की मात्र सगळे जाई, आणि त्यासाठी डेस्कवरच्या संगणकाशी नियमित मेळ घालणे हाच उपाय होता.

या विषयाला शास्त्रीय पाया मिळाला तो १९९६ मध्येच, मिशिगन विद्यापीठात पीटर चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या रिओ या प्रकल्पातून. प्रस्तुत विषयातील हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे असे म्हणण्यास हरकत नाही, कारण या संशोधकांनी रूढ समजुतीशी वाद न घालता ती मोजून पाहिली. रूढ समजूत अशी होती की कर्नल कोसळताना ते मेमरीत वाटेल तिथे वेडेवाकडे लिहीत सुटते, म्हणून कोसळल्यानंतर मेमरीतील काहीही विश्वासार्ह नसते. डिस्क मात्र वाचते, कारण डिस्कवर लिहिण्यासाठी अनेक टप्प्यांची ठरावीक पद्धत पाळावी लागते आणि ती चुकून पाळली जाण्याची शक्यता नसते. रिओने डीईसी कंपनीच्या अल्फा यंत्रांवर, डिजिटल युनिक्स या सिस्टिममध्ये दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मेमरीतील फाइलींच्या पानांना, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांना, लेखनबंदी घातली, जी फाइल सिस्टिमला लिहायचे असेल तेवढ्यापुरतीच उठे. दुसरी म्हणजे प्रत्येक पानाची एक छोटी नोंद वेगळ्या नोंदवहीत ठेवली, जिच्यात ते पान कोणत्या फाइलचे आणि त्या फाइलमधील कोणत्या जागेचे हे लिहिलेले असे. यंत्र कोसळल्यावर वॉर्म बूट करायचे, कर्नलने मेमरी ताब्यात घेण्यापूर्वी तिची प्रत डिस्कच्या राखीव भागावर उतरवून घ्यायची, आणि मग नोंदवही वाचून फाइली जागच्या जागी परत बसवायच्या, अशी ही व्यवस्था होती.

त्यानंतर संशोधकांनी कर्नलमध्ये मुद्दाम बिघाड घातले : कुठे सूचनेतला एखादा बिट उलटा केला, कुठे अट काढून टाकली, कुठे मोजणीत एकाची चूक केली. अशा १३ प्रकारच्या बिघाडांतून तीन व्यवस्थांपैकी प्रत्येकीचे ६५० वेळा कोसळणे नोंदवले गेले. लेखन तत्काळ डिस्कवर उतरवणाऱ्या पारंपरिक व्यवस्थेत ६५० पैकी ७ वेळा फाइली बिघडल्या; लेखनबंदी नसलेल्या रिओमध्ये १० वेळा; लेखनबंदी असलेल्या रिओमध्ये ४ वेळा. म्हणजे सुरक्षित समजली जाणारी डिस्कही पूर्ण सुरक्षित नव्हती आणि असुरक्षित समजली जाणारी मेमरी तिच्यापेक्षा फारशी वाईट नव्हती. बंदी घातल्यावर तर ती सरस ठरली. डिस्क का बिघडावी, याचे उत्तर विचार करायला लावणारे आहे : बिघडलेले कर्नल चुकीचा मजकूर अगदी बरोबर पद्धतीने डिस्कवर लिहू शकते, आणि त्या बाबतीत डिस्कची पद्धतशीर दारे काहीच उपयोगाची नसतात. वेगाच्या बाबतीत रिओ तत्काळ डिस्कवर लिहिणाऱ्या व्यवस्थेच्या ४ ते २२ पट वेगवान होते. एवढे असूनही ते सर्वत्र रुजले नाही, आणि त्याचे एक कारण अगदी सामान्य होते : त्या काळी बाजार काबीज करत असलेले अनेक पीसी रीसेट केल्यावर मेमरी पुसून टाकत, आणि फर्मवेअरच्या या वर्तनावर ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांचा काहीच ताबा नव्हता.

जिथे फर्मवेअर आपल्या हातात असते अशा यंत्रांत, म्हणजे फोन, टीव्ही, नेटवर्कची उपकरणे यांसारख्या एम्बेडेड यंत्रांत, ही अडचण नव्हती, आणि पीआरएएमएफएस ही लिनक्सची फाइल सिस्टिम तिथेच जन्मली. तिच्या मूळ सोर्सवर सोनी, मात्सुशिता आणि मॉन्टाविस्टा यांचे २००३-०४ सालचे स्वामित्वहक्क नोंदलेले आहेत. पुढे मार्को स्तोर्नेली यांनी ती सांभाळली. तिचा वापर कसा होई हे जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम कर्नलला सुरू होतानाच आज्ञा देऊन काही मेमरी त्याच्या हिशेबातून वगळायची. नंतर माउंट करताना, म्हणजे फाइल सिस्टिम वापरासाठी जोडताना, त्या वगळलेल्या मेमरीचा भौतिक पत्ता सांगायचा. याच वेळी इनिट हा पर्याय आकारासह दिला तर त्या पत्त्यावर तेवढी नवी, कोरी फाइल सिस्टिम तयार होते. तो दिला नाही तर कर्नल तिथे आधीची फाइल सिस्टिम आहे असे समजून सुपरब्लॉक शोधते, त्याचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळा-बेरीज, जुळवून पाहते आणि जुन्या फाइली पुढे करते. टिकणे आणि पुसले जाणे यांत फक्त एका पर्यायाचे अंतर आहे. पहिल्या दिवशी दिलेली आज्ञा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये तशीच राहून गेली तर प्रत्येक रीबूटमध्ये सारे नव्याने कोरे होणार आणि तक्रार करायला कोणतीही चूक दिसणार नाही. मेमरीतच राहणाऱ्या फाइलींची मेमरीतच दुसरी प्रत ठेवण्यात अर्थ नसल्यामुळे ही फाइल सिस्टिम कर्नलच्या नेहमीच्या पेज कॅशला, म्हणजे फाइलींची प्रत मेमरीत ठेवणाऱ्या साठ्याला, फाटा देते, आणि रिओप्रमाणेच आपली पाने लिहिण्याच्या क्षणापुरतीच खुली करते.

पीआरएएमएफएसला लिनक्सच्या मुख्य सोर्समध्ये स्थान मिळाले नाही. त्याच स्तोर्नेली यांचे रॅमऊप्स हे लहानसे काम मात्र २०१० मध्ये स्वीकारले गेले, आणि आज असंख्य अँड्रॉइड फोनांत त्याचा वारसा चालू आहे. कर्नल कोसळताना जे शेवटचे संदेश देते ते राखीव मेमरीत लिहून ठेवायचे, आणि पुढच्या बूटनंतर पीस्टोअर या छोट्या फाइल सिस्टिममधून ते फाइलींच्या रूपाने वाचायला द्यायचे, एवढेच ते करते. मरणाऱ्या कर्नलवर डिस्कवर लिहिण्याचे काम सोपवणे धोक्याचे असते, पण एका ठरावीक जागी काही अक्षरे लिहिणे बहुधा त्याला जमते. रिफ्रेश खंडित झाल्याने एखाददुसरा बिट बदलला तर तो दुरुस्त करता यावा म्हणून त्यात चूक-दुरुस्तीचे संकेतही जोडता येतात. मोठी महत्त्वाकांक्षा बाजूला ठेवून एकच लहान काम नीट करणारी योजना टिकते, याचे हे चांगले उदाहरण मानता येईल.

यानंतर वीज गेली तरी मजकूर राखणाऱ्या मुख्य मेमरीच्या आशेने या क्षेत्राला नवे भरते आले. २०१५ च्या जुलैमध्ये इंटेल आणि मायक्रॉन यांनी थ्रीडी क्रॉसपॉइंट या तंत्राची घोषणा केली आणि २०१९ मध्ये त्यावर आधारलेली ऑप्टेन मेमरी १२८, २५६ आणि ५१२ गीगाबाइटच्या पट्ट्यांत, रॅमच्याच खाचेत बसणाऱ्या रूपात विक्रीस आली. आता बिट टिकण्याचा प्रश्न हार्डवेअरने सोडवला होता. त्यामुळेच भरवशाचा प्रश्न अधिक ठळक झाला, आणि त्याचे केंद्र प्रोसेसरच्या कॅशकडे सरकले. प्रोसेसर जे लिहितो ते लगेच मेमरीत जात नाही. ते आधी कॅश या आतल्या छोट्या वेगवान साठ्यात ६४ बाइटांच्या ओळींनी राहते आणि तेथून मेमरीत कधी उतरेल, कोणत्या क्रमाने उतरेल, हे प्रोसेसर आपल्या सोयीने ठरवतो. समजा, फाइल सिस्टिमने आधी नवा मजकूर लिहिला आणि नंतर त्याकडे निर्देश करणारा पत्ता बदलला. कॅशमधून पत्त्याची ओळ आधी उतरली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर पुन्हा सुरू झाल्यावर आयनोड अशा जागेकडे बोट दाखवील जिथे मजकूर पोचलाच नव्हता. डिस्कच्या बाबतीत हा क्रम ऑपरेटिंग सिस्टिमला सांभाळता येई. येथे प्रत्येक साधी लिहिण्याची सूचना धोक्याची झाली. त्यावर उपाय म्हणून ओळ मेमरीकडे ढकलणाऱ्या सूचना आणि पुढचे लिखाण मागच्यापुढे जाऊ न देणाऱ्या कुंपण-सूचना पदोपदी वापराव्या लागतात, आणि एका वेळी अखंड लिहिले जाण्याची हमी फक्त ८ बाइटांची असल्यामुळे साऱ्या बदलांचा शेवटचा निर्णायक टप्पा त्या ८ बाइटांत बसवावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेली बीपीएफएस, इंटेलची २०१४ मधील पीएमएफएस, आणि सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१६ मध्ये साकारलेली नोव्हा या तिन्ही फाइल सिस्टिम याच कोड्याची निरनिराळी उत्तरे आहेत. त्यांतील नोव्हा प्रत्येक आयनोडसाठी बदलांची स्वतंत्र नोंदमाला ठेवते आणि नोंद पूर्ण झाली की मालेच्या शेवटाचा पत्ता, म्हणजे नेमके ते ८ बाइट, पुढे सरकवते. पत्ता सरकला नसेल तर अर्धवट नोंद अस्तित्वातच नाही असे समजले जाते. पीएमएफएस आणि नोव्हा यांच्या सोर्स फाइलींच्या माथ्यावर सोनी, मात्सुशिता आणि स्तोर्नेली यांची नावे अजून दिसतात, इतका हा वंश सलग आहे. मुख्य लिनक्सने मात्र वेगळी वाट धरली : या खास फाइल सिस्टिम न स्वीकारता प्रचलित ईएक्सटी४ आणि एक्सएफएस यांनाच २०१५ पासून डीएएक्स ही सोय दिली, जिच्यामुळे फाइलचा मजकूर पेज कॅशची मध्यस्थी टाळून थेट मेमरीतून वाचता-लिहिता येतो. हा निर्णय शास्त्रीयदृष्ट्या कमी देखणा होता. तरी २०२२ च्या जुलैमध्ये इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले तेव्हा त्यातले शहाणपण दिसून आले. एका विशिष्ट चिपवर बेतलेली फाइल सिस्टिम त्या चिपबरोबर अनाथ होते. सर्वसाधारण फाइल सिस्टिमला जोडलेली सोय राहते.

मेमरी टिकणे हे सर्वांनाच हवे असते असे नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की साधी डीरॅम वीज तोडल्यावरही काही सेकंद ते काही मिनिटे मजकूर धरून ठेवते, आणि चिप उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली तर दहा मिनिटांनंतरही १ टक्क्याहून कमी बिट बदललेले असतात. त्यासाठी प्रयोगशाळाही लागली नाही. धूळ उडवण्याचा हवेचा डबा उलटा धरून फवारला तरी पुरे. अशा रीतीने त्यांनी बंद केलेल्या संगणकांतून डिस्कच्या कूटबद्धतेच्या किल्ल्या मिळवल्या. त्यानंतर, ऑपरेटिंग सिस्टिमने विनंती नोंदवून ठेवली असेल तर पुढच्या बूटच्या आरंभी फर्मवेअरने मेमरी पुसून टाकावी, अशी तरतूद प्रमाणित झाली. एका बाजूला मेमरी राखण्याची खटपट आणि दुसऱ्या बाजूला ती पुसण्याची सक्ती, या दोन गरजा एकाच फर्मवेअरमध्ये आज शेजारी नांदतात. त्यात आणखी एक गुंता आहे. रीबूट हे यंत्राचे सर्वांत जुने औषध. ते लागू पडते कारण त्यात बिघडलेली स्थिती फेकून दिली जाते. जी स्थिती रीबूटलाही जुमानत नाही ती बिघडलेली असेल तर हे औषध चालत नाही, आणि म्हणून अशा फाइल सिस्टिममध्ये चेकसम आणि लेखनबंदी या वरवरच्या सजावटी नसून रचनेच्या आधारभिंती ठरतात.

अलीकडच्या काळात या विषयाला पुन्हा निकड आली आहे ती क्लाउड सेवांमुळे. मोठ्या डेटा सेंटरमधील एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, एकाच वेळी चालत असतात आणि त्यांच्या खाली त्यांना चालवणारा हायपरवायझर म्हणून अनेकदा लिनक्सचे कर्नल असते. त्या कर्नलमध्ये सुरक्षेची दुरुस्ती करायची तर ते अनेकदा बदलावे लागते, आणि ग्राहकांची यंत्रे तर बंद करता येत नाहीत. लिनक्समध्ये २००५ पासून असलेली केएक्झेक ही सोय फर्मवेअरला वगळून एका कर्नलमधून थेट दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारू देते, त्यामुळे रिओला नडलेली फर्मवेअरची अडचण येथे येत नाही. व्हर्च्युअल मशीन क्षणभर थांबवायची, कर्नल बदलायचे आणि त्यांना पुन्हा चालू करायचे, असा हा बेत आहे. त्यासाठी त्यांची शेकडो गीगाबाइट मेमरी जागची न हलवता नव्या कर्नलच्या हाती सोपवावी लागते. २०२४ मध्ये अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी याच हेतूने आधी पीकर्नएफएस आणि नंतर गेस्टमेमएफएस या फाइल सिस्टिमांचे प्रस्ताव लिनक्ससमोर ठेवले, ज्यांत प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची मेमरी ही एक फाइल असते आणि ती केएक्झेक पार करून टिकते. येथे फाइल ही कल्पना मजकूर साठवण्यासाठी नव्हे, तर मेमरीच्या एका भागाला नाव, आकार आणि मालक देण्यासाठी वापरली आहे, ज्यामुळे उठल्यावर नवे कर्नल तिला नावाने हाक मारू शकते.

या टप्प्यावर एक अशी अडचण येते जी अमिगाच्या किंवा पायलटच्या काळात नव्हती. सर्व्हरमधील नेटवर्क कार्डासारखी उपकरणे व्हर्च्युअल मशीनला थेट जोडलेली असतात आणि ती प्रोसेसरला न विचारता मेमरीत परस्पर लिहितात. जुने कर्नल गेलेले आणि नवे अजून पुरते उठलेले नाही, अशा मधल्या क्षणातही हे लिखाण चालूच राहू शकते. म्हणून कोणत्या उपकरणाला कोणत्या पानांवर लिहिण्याची मुभा आहे, हे ठरवणारे तक्तेसुद्धा जागच्या जागी टिकवावे लागतात, नाहीतर एखादे पॅकेट कोणाच्या तरी मेमरीत नको तिथे जाऊन पडेल. शिवाय नव्या कर्नलने उठताना स्वतःच्या गरजेसाठी मेमरी घ्यायची कोठून, हाही प्रश्न आहे, कारण राखीव पाने कोणती हे कळण्यापूर्वीच त्याला मेमरी लागते. २०२५ मध्ये लिनक्सच्या ६.१६ आवृत्तीत समाविष्ट झालेल्या केएक्झेक हँडओव्हर या यंत्रणेने यावर असा तोडगा काढला आहे की जुने कर्नल काही भाग आधीच कच्च्या कामासाठी मोकळे ठेवते, नवे कर्नल आरंभी फक्त तेवढ्यातच वावरते, आणि जुन्याने मागे ठेवलेला नोंदींचा वृक्ष वाचून झाल्यावरच उरलेल्या मेमरीला हात लावते.

त्या वृक्षातील नोंदींवर, त्या कोणत्या रचनेनुसार लिहिल्या आहेत हे सांगणारी खूण असते. नवे कर्नल वेगळ्या आवृत्तीचे असणार, हे तर या साऱ्या खटाटोपाचे मूळ कारणच आहे. तेव्हा जुन्याने जपलेली एखादी रचना नव्याला ओळखता येणार नाही, असा प्रसंग अपवादात्मक नसून अपेक्षित मानावा लागतो. ओळख पटली नाही तर ती नोंद नाकारायची, आणि नाकारली तर त्या मेमरीवर चालणाऱ्या ग्राहकाच्या यंत्राचे काय करायचे, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप ठरलेले नाही. पुढील प्रकरणांची मांडणी याच प्रश्नाला समोर ठेवून केली आहे, आणि म्हणून तीत चिपांच्या गुणधर्मांपेक्षा नोंदींच्या रचनेला, आवृत्त्यांना आणि पडताळणीला अधिक जागा दिलेली आढळेल.